सोळाच्या कॉलरचा साचा

शिवणकाकू बँकेची पत्रं उघडत नसत. त्यात आळस नव्हता, काटकसर होती. कपडे बेतायचे साचे वर्तमानपत्रातून कापले, तर तो कागद दोन-चार वेळा हाताळला की मऊ पडतो, त्याच्या कडा फाटतात, आणि साच्याची कड फाटली की कॉलर वाकडी येते. बँकेचं पाकीट मात्र जाड, गुळगुळीत, आणि आत तीन घड्यांचं तसंच जाड पत्र. न उघडता कापलं की पाच पदरी साचा मिळतो आणि तो वर्षानुवर्षं मोडत नाही. काकू पाकीट टेबलावर आडवं ठेवत, खडूने आकार आखत, कात्री चालवत आणि पदर सरकू नयेत म्हणून कडेने धावदोरा घालत. मग वर गिऱ्हाईक कोण, माप किती, तारीख काय, एवढं पेन्सिलीने लिहून साचा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत.

पत्रात काय असणार हे त्यांना पाठ होतं. घरासाठी कर्ज घ्या, गाडीसाठी कर्ज घ्या, नवं कार्ड घ्या. "बँकेला माझी आठवण आली की मला एक कॉलर मिळते," असं त्या म्हणत. त्यांचा नवरा विजेचे मीटर वाचत दारोदार फिरायचा. तो दर वेळी या वाक्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

त्या महिन्याच्या अकरा तारखेला दुपारी काकूंना फोन आला. पलीकडच्या माणसाने त्यांना पूर्ण नावाने हाक मारली. हे नाव शाळा सुटल्यापासून कुणी उच्चारलं नव्हतं. ते फक्त बँकेच्या कागदावर होतं. मग त्याने खात्याचा नंबर सांगितला, नवऱ्याची जन्मतारीख सांगितली, ठेव कधी ठेवली ते सांगितलं, आणि त्या ठेवीला वारस म्हणून बहिणीच्या मुलीचं नाव लावलंय तेही सांगितलं. ही शेवटची गोष्ट तर काकूंनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. एवढं सगळं जाणणारा माणूस बँकेचा नसेल तर कुणाचा? ठेवीचं नूतनीकरण करायचंय, आता फोनवर एक आकडा येईल तो वाचून दाखवा, असं तो म्हणाला. काकूंनी वाचून दाखवला. नव्या शिलाई यंत्रासाठी सहा वर्षं साठवलेली रक्कम त्यांच्या हातातल्या सुईत दोरा ओवून होईपर्यंत निघून गेली.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली. बँकेच्या संगणकातून हजारो खातेदारांची माहिती चोरीला गेली होती, आणि बँकेला हे महिन्याच्या सुरुवातीलाच कळलं होतं.

बातमी आली तरी बोट मात्र काकूंकडेच वळलं. आकडा सांगितलाच कसा, असं दीर म्हणाले. जाऊ म्हणाली की आजकाल लहान पोरंही आकडा सांगत नाहीत. नवरा काहीच बोलला नाही, आणि ते काकूंना सगळ्यांत जास्त लागलं.

चोवीस तारखेला बँकेचे मॅनेजरसाहेब स्वतः दुकानात आले. आल्या आल्या त्यांनी एका शर्टाचं कापड टेबलावर ठेवलं आणि माप घ्यायला सांगितलं. शर्ट हे निमित्त आहे हे काकूंना कळत होतं, तरी आलेलं काम परत पाठवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टेप साहेबांच्या गळ्याभोवती फिरवली. कॉलर सोळा. त्याच सकाळी टपालाने बँकेचं एक पाकीट आलं होतं. काकूंनी ते साहेबांच्या डोळ्यांदेखत टेबलावर आपटलं, खडू मारला, आणि एरवीपेक्षा जरा जोरातच कात्री चालवली.

"वाचणार नाही का?" साहेबांनी हसत विचारलं.

"तुमच्या बँकेने माझं सगळं वाचलंय," काकू म्हणाल्या. "आता मी तिचं कशाला वाचू?"

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. बँक अर्धी रक्कम परत देणार होती, सदिच्छा म्हणून. काकूंनी फक्त खाली सही करायची. काकूंनी चष्मा लावून कागद ओळीन् ओळ वाचला. मधे एक वाक्य होतं: सदर नुकसान ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झाले असून ग्राहक यापुढे कोणतीही मागणी करणार नाही.

हलगर्जीपणा. काकू त्या शब्दावर थांबल्या. तीस वर्षं लोक त्यांच्या हाती आपलं कापड निर्धास्त सोडून जात होते, लग्नाचंसुद्धा. एक चुकीची कात्री आणि कापड संपलं. तीस वर्षांत त्यांनी एकही कापड फुकट घालवलं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि साहेबांच्या खिशात ठेवली. शर्ट पुढच्या मंगळवारी मिळेल, असं सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अर्धे तर अर्धे, पदरात पाडून घ्यायचे. बँकेशी भांडायला आपण कोण लागून गेलो? काकूंनी सुई चालूच ठेवली. त्या तारीखकाकांच्या पँटची उंची कमी करत होत्या, आणि पँट घ्यायला खुद्द तारीखकाका समोर बसले होते.

तारीखकाका कोर्टात लिपिक होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना पुढची तारीख सांगितली, म्हणून हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर ते गल्लीतल्या मुलांना गणित शिकवत आणि कुणालाही काहीही समजावून सांगायला एका पायावर तयार असत. त्यांनी टेबलावरचा रिळांचा डबा पुढे ओढला.

त्यांनी आधी एक सुई टेबलावर ठेवली. ही पोलिसांतली तक्रार, ते म्हणाले. ही नसेल तर कुठलाच दोरा पुढे जाणार नाही. मग पांढरं रीळ ठेवलं. ही बँक. आधी तिलाच लेखी तक्रार द्यायची, तोंडी नव्हे, आणि आपल्या प्रतीवर तिचा शिक्का घ्यायचा. महिनाभरात तिने नीट उत्तर दिलं नाही, तर हे निळं. निळं रीळ म्हणजे बँकांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तिथेही समाधान झालं नाही तर लाल, म्हणजे ग्राहक न्यायालय. वेळ लागतो, पण मनस्तापाची भरपाईसुद्धा मागता येते.

"आणि काळं?" नवऱ्याने विचारलं. तो नकळत जवळ सरकला होता.

काळं रीळ म्हणजे लोकांची खासगी माहिती सांभाळली जाते की नाही हे बघणारं कार्यालय, काकांनी सांगितलं. ते काकूंच्या हातात पैसे ठेवणार नाही. पण माहिती फुटलीच कशी, आणि फुटल्यावर खातेदारांना लगेच का सांगितलं नाही, याचा जाब ते बँकेला विचारू शकतं. दंडही करू शकतं. हा दोरा बाकीच्यांना अडवत नाही, बरोबरीने चालतो.

"आणि साहेबांचा तो कागद?"

तारीखकाकांनी कात्री उचलली आणि सगळ्या रिळांच्या सुटलेल्या टोकांवर आडवी धरली. "त्यावर सही केली की हे सगळे एकदम."

काकूंनी पँटचा शेवटचा टाका घातला आणि पोलिसांत सकाळी किती वाजता जायचं ते विचारलं.

पोलिसांतल्या हवालदाराने दोन तास बसवून ठेवलं, पण तक्रार घेतली. बँकेच्या खिडकीवरच्या मुलीने अर्ज घेतला आणि शिक्का द्यायला टाळाटाळ केली. काकू खिडकीसमोरून हलल्या नाहीत. मागे रांग वाढत गेली, रांगेतली माणसं कुजबुजू लागली, आणि एक म्हातारा म्हणाला की शिक्का मारायला काय शाई विकत आणावी लागते का. शिक्का बसला. अर्जात काकूंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: माहिती फुटल्याचे कोणतेही पत्र मला बँकेकडून आजतागायत आलेले नाही.

पाच आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. हे पाकीट मात्र काकूंनी उघडलं. बँकेने चार तारखेला सर्व बाधित खातेदारांना सावधानतेचं पत्र पाठवलं होतं, पाठवल्याची नोंद सोबत जोडली होती. पत्र मिळूनही ग्राहकाने अकरा तारखेला अनोळखी व्यक्तीला गुप्त आकडा सांगितला. सबब बँक जबाबदार नाही.

"खोटं आहे," काकू म्हणाल्या. "मला पत्र आलेलं नाही."

तारीखकाकांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. खिळ्याला साठ-सत्तर साचे लटकत होते, कॉलरचे, कफांचे, खिशांचे, आणि त्यातले निम्मे बँकेच्या पाकिटांचे. जाहिरातीच्या पाकिटांना काकू पत्र म्हणतच नसत.

तिघांनी मिळून सगळे साचे खाली काढले. काकू एकेक साचा हातात देत, नवरा त्यावरचा टपालाचा शिक्का वाचे, मीटर वाचायच्या सवयीने आकडा मोठ्याने म्हणे, आणि तारीखकाका लिहून घेत. त्या महिन्यातले दोनच निघाले. एकावर दोन तारखेचा शिक्का होता. तो कुणाच्या तरी कफाचा साचा. दुसऱ्यावर जांभळा, ठसठशीत, एकवीस तारखेचा. त्याच्या पारदर्शक खिडकीत काकूंच्या नावाची अर्धी ओळ दिसत होती, आणि शेजारी काकूंच्याच पेन्सिलीने लिहिलं होतं: मॅनेजर, कॉलर १६, ता. २४.

नवऱ्याने साचा दिव्यासमोर धरला. पाच पदरांतून काही दिसेना. काकूंनी सुई घेऊन टाका उसवायला हात पुढे केला, तसा तारीखकाकांनी तो धरला.

"आता नको, वहिनी. इथे उसवलंत तर ते म्हणतील, आतलं पत्र तुम्हीच घातलंत."

"पण आत जाहिरात निघाली तर? सगळ्यांसमोर हसं होईल माझं."

तारीखकाकांनी मुलांना गणित समजावतात तसं सावकाश सांगितलं. बँक म्हणते पत्र चार तारखेला पाठवलं. मग ते दोन तारखेच्या पाकिटात असू शकत नाही. त्यानंतर त्या महिन्यात घरात आलेलं पाकीट हे एकच. म्हणजे पत्र यात आहे, किंवा बँकेने ते पाठवलंच नाही. यात असेल तर ते एकवीसला टपालात पडलं, चोरीनंतर दहा दिवसांनी. दोन्हींत बँकच अडकते.

"आणि मी?" काकूंनी विचारलं. "मी लिहून दिलंय की पत्र आलंच नाही."

घोडं इथेच अडत होतं. साचा दाखवायचा तर स्वतःचा शब्द चुकला हे कबूल करायला हवं. पत्र आलं, आणि काकूंनी ते न वाचता त्याची कॉलर केली, हे भर कचेरीत सांगायला हवं. नवऱ्याने हळूच सुचवलं की साचा चुलीत टाकावा. बँकेला कुठे ठाऊक आहे? नोंद आहे ती पाठवल्याची, मिळाल्याची नाही. पत्र आलंच नाही, यावर ठाम राहायचं.

काकूंनी बराच वेळ साचा हातात उलटसुलट केला. "ते म्हणतायत मी हलगर्जी," त्या शेवटी म्हणाल्या. "लपवलं तर मी लबाडही होईन. तेवढं त्यांना फुकट द्यायचं नाही मला."

लोकपालांच्या कार्यालयात दारावरच्या रखवालदाराने काकूंच्या पिशवीतली कात्री काढून घेतली. आत एक लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि खुर्चीत एक अधिकारी बाई, चष्मा दोरीने गळ्यात. बँकेच्या बाजूला एक वकील, आणि त्याच्या शेजारी मॅनेजरसाहेब. साहेबांनी तोच शर्ट घातला होता. कॉलर अगदी नेटकी बसली होती, हे काकूंच्या नजरेने आधी टिपलं.

वकिलाने नोंदवही दाखवली, चार तारीख दाखवली, आणि तक्रारदारबाईंनी पत्र मिळाल्याचंच नाकारलंय हे दोनदा सांगितलं. मग काकू उभ्या राहिल्या. अर्जातलं एक वाक्य चुकलंय, त्या म्हणाल्या. पत्र आलं होतं. मी उघडलं नाही. त्यांनी साचा टेबलावर ठेवला आणि तो कसा झाला ते सांगितलं. वकिलाच्या ओठांवर हसू आलं. टंकलेखक मुलगी तर उघडच हसली.

"हे कधी कापलंत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"चोवीस तारखेला. साहेबांसमोर. त्यांच्याच गळ्याचं माप आहे हे."

सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या गळ्याकडे गेल्या. साहेबांनी नकळत कॉलरमध्ये बोट घातलं.

"खरं आहे?" बाईंनी विचारलं.

साहेब वकिलाकडे पाहू लागले, पण वकिलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कापलं होतं," ते शेवटी म्हणाले. "शर्टाचं माप द्यायला गेलो होतो."

"माप द्यायला, आणि सहीचा कागद घेऊन," काकूंनी जोडलं.

बाईंनी साचा उसवायला सांगितला. कात्री तर दारावर होती. काकूंनी साचा उचलला, कड ओठांशी नेली, आणि तीस वर्षांच्या सवयीने दातांनी टाका तोडला. दोरा ओढला तसा तो सरसर निघून आला. पाकिटाचे दोन पदर वेगळे झाले, आणि आतून तीन कापलेल्या पट्ट्या टेबलावर पडल्या.

बाईंनी चष्मा चढवला. पहिल्या पट्टीवर बँकेचं बोधचिन्ह होतं आणि छापील तारीख, चार. खाली कॉलरच्या वळणाने अर्धवट कापलेली ओळ होती. ती बाईंनी मोठ्याने वाचली: आपली वैयक्तिक माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेल्याची शक्यता असून... पुढचे शब्द कात्रीत गेले होते. बाईंनी मग पाकीट उचललं आणि जांभळा शिक्का वाचला. एकवीस.

वकील मात्र लगेच सावरला. त्याने मुद्दा काढला की पत्र केव्हाही येवो, बाई ते उघडणारच नव्हत्या, म्हणजे निष्काळजीपणा सिद्धच होतो.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, उघडलं नाही ती माझी चूक, ती मी इथे सगळ्यांसमोर सांगितली. पण चोर अकराला आला आणि तुमची हाक एकवीसला. मी दार उघडून बसले असते तरी काय ऐकू येणार होतं? आणि माझ्या वारसाचं नाव त्या चोराला मी सांगितलं नाही. ते फक्त तुमच्याकडे होतं."

वकील आणि साहेब खाली माना घालून कुजबुजले. मग वकील उठला. बँक पूर्ण रक्कम परत द्यायला तयार आहे, आजच. तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी आणि या गोष्टीची कुठे वाच्यता करू नये. बाईंनी काकूंना विचारलं, मान्य आहे का.

पूर्ण रक्कम. काकूंना नवं यंत्र डोळ्यांसमोर दिसलं. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आयुष्यात कुणाशी वाद घातला नव्हता. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "गल्लीत अजून चौदा घरं अशीच लुटली गेलीत. मी मीटर बघायला जातो, सगळीकडे हीच रड ऐकतो."

काकू पुन्हा टेबलाकडे वळल्या. "रक्कम माझीच आहे, ती परत देणं ही मेहेरबानी नाही. मी तक्रार मागे घेणार नाही. पत्र उशिरा टाकलं आणि चूक माझी नव्हती, हे शिक्क्यासह लिहून मिळेपर्यंत मी येत राहीन. काका तारखा लक्षात ठेवतात."

निकाल महिन्याने आला. रक्कम पूर्ण मिळाली. इशारा वेळेत दिला गेला नाही आणि ग्राहकाच्या माथी हलगर्जीपणा मारता येणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. मनस्तापाचे पैसे नामंजूर झाले. त्यासाठी लाल रीळ अजून शिल्लक आहे, असं तारीखकाका म्हणाले. काळ्या रिळाची तक्रार टपालात पडली होती. निकालाचा कागद छान जाड होता. काकूंनी तो बोटांत धरून पाहिला, तेव्हा नवरा घाबरून म्हणाला की याची कॉलर करू नकोस. काकूंनी त्याच्या चौदा छायाप्रती काढून आणायला त्यालाच पाठवलं.

रविवारी सकाळी दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडला. तारीखकाकांनी रिळांचा डबा पुढे घेतला. पहिला नंबर बेकरीवाल्याचा होता. काकूंचे पैसे गेले त्याच आठवड्यात त्याची सगळी पुंजी गेली होती.

"पाकीट ठेवलंय का?" काकूंनी विचारलं.

बेकरीवाला ओशाळला. बँकेची पाकिटं तो न उघडता भट्टी पेटवायला वापरायचा.

"बसा," काकू म्हणाल्या, आणि निकालाची एक प्रत त्याच्यासमोर ठेवून एकवीस या आकड्याखाली खडूने रेघ ओढली. "पत्रं सगळ्यांना एकदमच टाकलीत, म्हणजे ही तारीख माझी आहे तशी तुमचीही आहे. पेन आणलंय ना?"